माणशी चार

पंचवीस माणसं, माणशी चार गोळे, गोळा तीस ग्रॅमचा. म्हणजे तीन किलो खिमा. दादा हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडतात, खाली दोन रेघा ओढतात आणि मग चाळीस जणांना फोन करतात.

दिल्लीतल्या मुनिरक्यात राहणाऱ्या मराठी पोरांच्या प्रत्येक कंपूत असे एक दादा असतातच. वय पस्तिशीच्या अल्याड-पल्याड. जेएनयूत आले तेव्हा ते कुणाचेच दादा नव्हते. पुढच्या बॅचा येत गेल्या, नोकऱ्या लागून जात राहिल्या, हे राहिले म्हणून दादा झाले. पीएच.डी. शेवटच्या टप्प्यात आहे. टप्पा शेवटचा आहे याबद्दल गाईडनाही शंका नाही. तो किती लांबीचा आहे, यावर मात्र एकमत नाही. हॉस्टेल सुटलं तरी अशी माणसं लांब जात नाहीत. विद्यापीठाच्या उत्तर गेटातून बाहेर पडतात आणि समोर मुनिरक्यात शिरतात. दादा कुणी लातूरचे असतात, कुणी चंद्रपूरचे. आमचे कागलचे.

मुनिरका हे मुळात टोकस गोत्राच्या जाटांचं गाव. शेतं सरकारनं घेतली, त्यांच्यावर वसाहती आणि विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा गावानं लाल डोऱ्यातल्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीतल्या, उरलेल्या जागेवर भाडेकरूंचं पीक घ्यायला सुरुवात केली. खाली दुकान, वर चार मजले. मजल्यागणिक मणिपूर, बिहार, नागालँड, केरळ आणि सगळ्यात वर, पाण्याच्या टाकीशेजारी, महाराष्ट्र. या गच्चीवरच्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. दादांकडे बरसाती आहे, आणि बदली होऊन गेलेल्या एका मराठी कुटुंबानं मागे सोडलेला चाळीस लिटरचा ओव्हन आहे. एवढ्या भांडवलावर त्यांचं सार्वजनिक जीवन उभं आहे.

ओव्हनचं ठाणं बाथरूमच्या उंबऱ्यावर, लोखंडी स्टुलावर. कारण दोन हजार वॉटचा हा गडी जवळपास नऊ अँपिअर ओढतो, खोलीत सोळा अँपिअरचा प्लग एकच, आणि तो गिझरचा. गोळे भाजत असताना आंघोळ नाही. दिल्ली सरकारनं ऑगस्ट २०१९ पासून महिन्याला दोनशे युनिटपर्यंतचं घरगुती बिल शून्य केलं हे खरं, पण ही फुकटची वीज मीटरपर्यंतच फुकट असते. मीटर घरमालकाचा. तिथून चार जिने चढून वर येईपर्यंत तिला दम लागतो आणि घरमालक सांगेल तो दर पडतो. दादा या विषयावर पाऊण तास बोलू शकतात. त्यांच्या प्रबंधाचा विषय वेगळा आहे.

आता, खोली भाड्यानं देताना घरमालकीणबाईंनी एकच अट घातली होती: ‘मीट-मच्छी नहीं बनेगा.’ शिजवण्याच्या वासावरून भाड्याच्या खोल्यांत काय काय होतं, ते खालच्या मजल्यावरच्या नागा मुलांना विचारावं. आंबवलेल्या सोयाबीनच्या वासावरून उडालेल्या धांदलीवर ‘अखुनी’ नावाचा सिनेमाच निघाला, इथून जवळच्या हुमायूंपूरची पार्श्वभूमी घेऊन. २०२० साली तो नेटफ्लिक्सवर आला. दादांनी मात्र ओव्हनचा एक सामाजिक गुण अचूक हेरला. गॅसवर जे शिजतं ते काहीही असू शकतं. ओव्हनमध्ये जे होतं तो केक.

‘क्या बना रहे हो बेटा?’

‘केक, आंटीजी.’

‘लहसुन की खुशबू आ रही है.’

‘अंग्रेज़ी केक है, आंटीजी.’

म्हणून दर वेळी ओव्हनमध्ये पहिला नंबर रव्याच्या केकचा. जिन्यावरून खाली उतरणारा पहिला वास व्हॅनिलाचा असला पाहिजे, यावर दादा ठाम आहेत. अर्धा केक पहिल्या मजल्यावर पोचतो. मग अर्ध्या तासानं आंटीजींचा नातू डबा घेऊन वर येतो आणि म्हणतो, ‘दादी ने बोला, थोड़ा केक और दे दो. वो गोल वाला.’

दादांचे हे खिम्याचे गोळे बार्बेक्यूचे. बार्बेक्यू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जाळी, निखारे आणि गच्ची आली असेल. गच्ची दादांकडे आहे. पण थंडीत दिल्लीची हवा बिघडली की ‘ग्रॅप’ची प्रदूषणविरोधी बंधनं लागू होतात आणि हॉटेलांच्या तंदुरातल्या कोळशावरही गदा येते. अशा दिवसांत गच्चीवरून धूर काढणाऱ्या भाडेकरूकडे अख्खी गल्ली मान वर करून बघते. तेव्हा भाजणं ओव्हनमध्ये, आणि धुराची हौस धुंगारावर: गोळ्यांच्या पातेल्यात मधोमध वाटी, वाटीत एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि पटकन झाकण. एका निखाऱ्यावर अजून कुठल्याही सरकारची नजर गेलेली नाही.

खिमा आणायला दादा जातीनं जातात, सोबत दोन शिष्य. ‘हाथ का या मशीन का?’ असं खाटीक विचारतो. मशीनचा, पण एकदाच काढलेला. बोकडाचं मांस कोरडं, नुसतं भाजलं तर गोळे घशात अडकतात. म्हणून किलोमागे दीडशे ग्रॅम गुर्द्याची चरबी. ‘सीख बनाओगे?’ खाटीक अंदाज करतो. त्याचा अंदाज बरोबर आहे, दिल्लीत सीख कबाबाला हीच चरबी लागते. पण दादांना ‘हो’ म्हणून मोकळं होणं जमत नाही. ते त्याला स्वीडन सांगतात.

स्वीडनचं असं आहे, की त्या देशाच्या अधिकृत ट्विटर खात्यानं २०१८ साली जाहीर करून टाकलं: आमचे जगप्रसिद्ध मीटबॉल मूळचे आमचे नव्हेत, बाराव्या चार्ल्स राजानं अठराव्या शतकाच्या आरंभी तुर्कस्तानातून आणलेल्या पाककृतीवरून ते झाले. हा राजा १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून मार खाऊन ऑटोमन मुलखात पळाला आणि तिथं पाच वर्षं अडकून पडला. इथं दादांचा आवाज थोडा कापरा होतो. ‘लोक म्हणतात पाच वर्षं वाया घालवली. अरे, पाककृती घेऊन आला ना!’ गाईडशी झालेल्या शेवटच्या भेटीत त्यांनी हेच उदाहरण दिल्याचं ऐकिवात आहे.

घरी आल्यावर कामं वाटली जातात. दादा स्वतः काही करत नाहीत, ते ‘बघतात’. एकानं कांदा किसून घट्ट पिळायचा. दुसरीनं पावाच्या कडा काढून दुधात भिजवायच्या, म्हणजे कडा नव्हे, पाव. यावर एकदा खरोखर गोंधळ झाला होता. किलोला चार स्लाइस, दोन अंडी, आलं-लसूण, हिरवी मिरची, मिरपूड. पाव भुकेल्यांना फसवण्यासाठी घालतात, असा आरोप नेहमी होतो. तो चुकीचा आहे. भिजलेला पाव रस धरून ठेवतो आणि मांसाला आक्रसू देत नाही. मीठ मात्र शेवटी आणि मळणं बेतानं, नाहीतर मांस चिकट होतं आणि गोळे रबरी होतात. ‘भावा, पोळ्या लाटायच्यात का तुला?’ हे वाक्य दर बैठकीत निदान दोनदा ऐकू येतं.

शाकाहारी, वार पाळणारे आणि ‘आज नको, पोट बरं नाही’ म्हणणारे यांच्यासाठी नागपूरचा एक मुलगा चणाडाळ भिजवून, भरड वाटून गोळे करतो. गोळाभातातल्या गोळ्यांना ओव्हनमध्ये घालणं हे पाप आहे असं त्याचं मत, पण तो घालतो. त्यामुळे ओव्हनचा सोवळ्याचा क्रम ठरलेला: आधी केक, मग डाळ, मग मटण. एकदा एका सीकेपी मुलीनं सहज सांगितलं की आमच्याकडे भानोलं असंच करतात, भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. झालं! पुढच्या बैठकीपासून ‘मराठी माणसाकडे ओव्हन मुळातच होता’ हे दादांचं संशोधन. तळटीप नाही.

सॉस हा दादांचा खरा प्रबंध. केचप, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, लसूण, चिमूटभर इन्स्टंट कॉफी आणि काकवी. अमेरिकेत या सॉसला उसाच्या साखरेची मळी घालतात. दादांची काकवी गुऱ्हाळावरून बाटलीत भरून कोल्हापूर-निजामुद्दीन गाडीनं येते, दोन पिशव्यांत गुंडाळून, तरीही कुणाच्या तरी शर्टावर थोडी सांडून. तिखटाला खालच्या नागा मुलांनी दिलेली राजा मिरची, तीही सुईच्या टोकाएवढी. एकदा कुणीतरी अख्खी टाकली आणि त्या रात्री मराठी अस्मिता चार तास नळाखाली उभी होती. सॉस आधी लावायचा नाही, गूळसाखर करपते. दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं गोळे नुसते भाजायचे, मग सॉस चोपडून आणखी आठ-दहा मिनिटं. आत ७१ अंश झाले की खिमा खायला निर्धोक. त्यासाठी दादांकडे थर्मामीटर आहे. तो गोळ्यात खुपसून ते आकडा मोठ्यानं वाचतात आणि खोलीत शांतता पसरते.

गणित इथंच बिघडतं. ट्रेमध्ये गोळे मावतात पंचवीस. म्हणजे शंभर गोळ्यांना चार फेऱ्या, फेरीला पंचवीस मिनिटं. पहिली फेरी बाहेर येते तेव्हा खोलीत पंचवीस माणसं असतात आणि माणशी एक गोळा पडतो. पण माणशी एक असा नियम गोळ्यांना माहीत असतो, माणसांना नसतो. दाराजवळच्या चौघांचे पाच-पाच होतात. खिडकीपाशी बसलेल्यांना सॉस मिळतो.

२३ फेब्रुवारी २०२५ चा रविवार मुनिरक्यात अजून निघतो. तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या दिवशी संपत होतं. १९५४ नंतर थेट तेव्हाच संमेलन दिल्लीत आलं होतं. गावाकडचे मित्र, मित्रांचे मामा, मामांचे प्रकाशक, सगळे आलेले, आणि दादांनी ग्रंथदालनात भेटेल त्याला ‘संध्याकाळी आमच्याकडे या, माणशी चार’ असं सांगून ठेवलेलं. त्याच दिवशी दुबईत भारत-पाकिस्तान सामना. टीव्ही पाहिजे, ओव्हन पाहिजे, आणि थंडी उरलेली म्हणून कुणीतरी हीटरही लावला. पाकिस्तान २४१ वर गारद झालं तोवर केक आणि डाळ निभावली. कोहली जमला आणि दुसरी फेरी आत गेली, तेव्हा एमसीबी उडाला. अंधारात एक ज्येष्ठ कवी शांतपणे म्हणाले, ‘कार्यक्रम चांगला आहे, पण संयोजन ढिसाळ.’ तीन दिवसांत त्यांना या वाक्याची सवय झाली होती.

दादा डगमगले नाहीत. मोबाइलच्या उजेडात त्यांनी व्याख्यान सुरू केलं: १७३७ साली बाजीराव दिल्लीवर चालून आला तेव्हा मराठ्यांची छावणी याच तालकटोऱ्याला पडली होती, आणि तिथं ओव्हन नव्हता, वीज नव्हती, तरी कुणी उपाशी राहिलं नाही. ‘काय खाल्लं त्यांनी?’ एका मामांनी विचारलं. इतिहास इथं थांबला. सुदैवानं नागा मुलांनी खालून वायर ओढून दिली, हीटर बंद झाला, टीव्ही लागला आणि कोहलीनं चौकार मारून स्वतःचं शतक आणि भारताचा विजय एकाच चेंडूत उरकला. त्या आरड्याओरड्यात तिसरी फेरी दोन मिनिटं जास्त राहिली. जरा करपलेले ते गोळे सगळ्यांत चांगले होते. हे मी दादांसमोर म्हणणार नाही, कारण पुढच्या वेळी ते मुद्दाम करपवतील.

रात्री मोजलं तेव्हा माणसं सत्तेचाळीस झाली होती. मामांचे प्रकाशक पिशवीत गोळे घेऊन गेले, आणि दादांचा प्रबंध छापायचा शब्द देऊन. आधी तो लिहायला लागेल, ही अडचण दोघांनीही काढली नाही.

दादांवर टीका पुष्कळ होते. वर्गणी मागतात आणि हिशेब देत नाहीत. देतात तेव्हा स्वतःचेच चारशे रुपये गेलेले निघतात, मग ऐकणाऱ्यालाच कानकोंडं होतं. काम इतरांकडून करून घेतात आणि ‘मी केलं’ म्हणतात. सगळं खरं आहे. पण सोमवार ते शनिवार हा माणूस गल्लीतल्या टपरीवर ब्रेड-आमलेट खातो. मी एकदा विचारलं, एवढं येतं तर रोज स्वतःपुरतं का करत नाही? ते खरोखर विचारात पडले. ‘एका माणसाला चार गोळे,’ त्यांनी वहीत लिहिलं. ‘एकशेवीस ग्रॅम खिमा. पावाचा अर्धा स्लाइस. अंड्याचा... चौथा भाग?’ मग वही मिटली. ‘जमत नाही भावा. किमान वीस पाहिजेत.’ स्वयंपाकी म्हणून दादा मध्यम आहेत. वीस माणसं जमवण्यात मात्र दिल्लीत त्यांना तोड नाही, आणि माझ्या मते खिमा हा त्यांचा निव्वळ बहाणा आहे.

कधी रविवारी त्या बाजूला गेलात तर मेट्रोनं मुनिरका स्टेशनला उतरा आणि गल्लीत शिरून कुणालाही ‘केक वाले भैया’ विचारा. ताटली आपली न्या. दाराजवळ बसा. प्रबंधाचं विचारू नका. आणि बाथरूमला जाल तेव्हा दाराशेजारी दोन बटणं आहेत, डावं दिव्याचं. उजव्याला हात लावू नका.