माझा दोष? मी परफेक्शनिस्ट आहे!

नोकरीच्या मुलाखतीत 'तुमचा एक दोष सांगा' म्हटलं की उत्तर ठरलेलं. 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.' एकाच चुकीवरून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेला माणूसही हेच सांगतो. ही दोषाची कबुली नव्हे, दोषाचा सदरा घातलेली आत्मस्तुती आहे. आणि स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्याला समर्थ रामदासांनी 'दासबोधा'तल्या मूर्खलक्षणांच्या समासात केव्हाच बसवून ठेवलंय.

तो समास वाचताना आपलं काय होतं बघा. दोघं बोलत असताना तिसरा मध्ये जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो, हे लक्षण आलं की साडू आठवतो. वाडवडिलांच्या कीर्तीवर मिरवणारा आला की शेजारी. समास संपतो, आपला नंबर काही लागत नाही. मात्र ग्रंथाच्या त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचा वेगळा समास आहे. जाणतेपणाच्या जोरावर सगळ्यांना नावं ठेवणारा तिथे भेटतो. पहिल्या समासात सुटलेला वाचक दहाव्यात बरोबर सापडतो.

आपला दोष आपल्यालाच दिसत नाही, हेच १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन तपासलं. तर्क, व्याकरण, विनोदाची जाण, अशा चाचण्या होत्या. सर्वांत खालच्या पाव भागातली मुलं सरासरीने शंभरातल्या जेमतेम १२ जणांच्या पुढे होती. त्यांना स्वतःला वाटत होतं, आपण ६२ जणांच्या पुढे आहोत. या तफावतीचा काही भाग निव्वळ संख्याशास्त्रातून येतो, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो दमदार आहे. पण मला मोलाची वाटते ती या प्रयोगाची पुढची गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही.

व्याकरणात वरच्या आणि खालच्या टोकाला असलेल्या मुलांना काही आठवड्यांनी परत बोलावलं, इतरांचे पेपर तपासायला दिले आणि विचारलं, आता बोला, तुम्ही कुठे आहात? हुशार मुलांनी आपला अंदाज सुधारला. कच्ची मुलं तसूभर हलली नाहीत. चांगलं उत्तर डोळ्यांसमोर होतं, पण ते चांगलं आहे हे कळण्यापुरतंही व्याकरण त्यांना येत नव्हतं. तर्काच्या चाचणीत मात्र काही मुलांना थोडा वेळ तर्क शिकवला. तेव्हा कच्च्या मुलांनी आपल्याच जुन्या पेपरातल्या चुका ओळखल्या आणि स्वतःला दिलेलं मोठेपण काढून घेतलं.

म्हणून शनिवार-रविवारी रिसॉर्टवर भरणाऱ्या 'स्वतःला शोधा' शिबिरांवर माझा विश्वास नाही. मन शांत होत असेल तर जरूर जावं. पण डोळे मिटून बसल्यावर आपला हिशेब कच्चा आहे की भाषा, हे कळणार कसं? ज्या डोक्याने चूक केली, तेच डोकं तपासनीस! आधी काम शिकावं लागतं, आणि शिकलेल्या माणसाकडून ते तपासून घ्यावं लागतं. स्वतःची ओळख या खटपटीतच होते.

भजनी मंडळात मोबाइलवर रेकॉर्डिंग करून बघा. 'हा माझा आवाज नाही, माइकच खराब आहे,' असं म्हणणारा एक तरी निघतोच. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भारदस्त वाटतो. समोरच्याच्या कानावर पडतो तो रेकॉर्डिंगमधला. शेजारी बसलेला पेटीवाला दर गुरुवारी तोच ऐकतोय. आपण कुठे बेसूर होतो ते त्याला पाठ आहे, फक्त त्याला कोणी विचारलेलं नाही.

त्याला 'कसं झालं?' विचारू नका. 'छान' असंच उत्तर मिळेल, कारण त्यालाही पुढच्या गुरुवारी तुमच्याच शेजारी बसायचंय. 'कुठे चुकलं, ती ओळ दाखव,' असं विचारा. त्याने दाखवली की 'पण माझा घसा बसला होता' हे वाक्य गिळा आणि ती ओळ त्याच्यासमोर पुन्हा म्हणा.