मेव्हण्याची कोतवाली

‘विच्छा माझी पुरी करा’ जुनं झालं, आता कोण हसणार, असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा शहापूर तालुक्यातल्या भातसानगरला लावून बघावं. वसंत सबनीसांचं हे लोकनाट्य १९६५ सालचं. कोतवालाची जागा रिकामी होते. हक्क हवालदाराचा, पण प्रधान तिथे आपल्या बिनडोक मेव्हण्याला बसवतो. यातलं काय शिळं झालं? शहापूर-मुरबाडमध्ये भरतीच्या परीक्षा देऊन थकलेल्या कुठल्याही पोराला विचारा. त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

शिळं झालंय ते वेगळंच. वगाची नायिका मैनावती, तिच्याशी चालणाऱ्या द्व्यर्थी कोट्या आज पुढच्या रांगेतल्या मुलींना अवघडून टाकतात. त्या खुशाल कापा. वगाला काही होत नाही, कारण त्याचा जीव खुर्चीच्या लबाडीत आहे. शिवाय मैनावती सगळ्यांत हुशार आहे, तिला तिची हुशारी पुरते.

माझा राग आहे तो दुसऱ्याच कात्रीवर. हल्ली हौशी मंडळी कोट्या जशाच्या तशा ठेवतात आणि सत्तेला काढलेला चिमटा तेवढा गाळतात. गणपतीच्या मांडवात पुढारी बसलेला, वर्गणी त्याची, मग कशाला? अहो, दादा कोंडक्यांनी याचे दीड हजारांवर प्रयोग केले, त्यांत ते त्या त्या दिवसाच्या राजकारणावर ऐनवेळी बोलत. सबनीसांनी तशी जागाच ठेवली होती. गण, गवळण, बतावणी, वग या चालीत सोंगाड्याला ही मोकळीक पूर्वापार आहे, आणि मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत तमाशाचे फड बघत वाढलेला प्रेक्षक तिचीच वाट बघत बसतो. ती काढून घेतली की उरतात पाठ केलेली वाक्यं. मग लोक जांभया देतात आणि दोष सबनीसांना लागतो.

भातसानगरात तर विषय शोधायलाही नको. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत सर्वांत मोठा भातसा. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. राजाने फक्त विचारावं, “प्रधानजी, राज्यात पाणी किती?” हवालदाराने म्हणावं, “लई हाय महाराज, पर ते मुंबईला नोकरीला लागलंय.”

पुढारी उठून गेला तर जाऊ दे. खुर्ची हंडेवालीला द्या.