पट मांडतानाच जिंकणाऱ्यास

अखंडितविजयालंकृत राजमान्य राजेश्री डेइटीजेते साहेब, मुक्काम सिडको, छत्रपती संभाजीनगर, यांसी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवाच्या शनिवारी आपण पुन्हा एकदा जग जिंकलंत, अभिनंदन. नंतर उस्मानपुऱ्यात तोंडात पान असूनही 'डेइटी लेव्हलवर जिंकलो' हे शब्द आपण इतके सुस्पष्ट उच्चारलेत, की रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यानंही वळून पाहिलं. असो. 'आपण' आता पुरे. इतका आदर तुला झेपत नाही आणि मला परवडत नाही.

गुन्हा काय, ते लिहितो. सिव्हिलायझेशन सिक्स आपण चौघं माझ्या घरी, एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं खेळतो. चार राजे आपण, बाकीचे कॉम्प्युटरचे. लॅपटॉप तुझा, म्हणून कॉम्प्युटरचे राजे निवडायचा मानही तुझा. परवा नेमकं नळाला पाणी आलं. या शहरात पाणी आलं म्हटल्यावर माणूस राज्य सोडून मोटर लावायला धावतो, तसा मी धावलो. बाकीचे दोघं नान-खलियाच्या पार्सलच्या गाठी सोडवत होते. परत आलो तर तू म्हणालास, "सेटअप झाला, चला." सेटअप नाही रे, निकाल लागला होता. पुढं रात्रभर आम्ही माऊस हलवला, तो तुझ्या समाधानासाठी.

तुझी यादी बघू. नकाशा पँजिया. म्हणजे सगळी जमीन एका तुकड्यात, समुद्र नुसता काठाला. आणि त्यावर पहिला शत्रू कोण, तर नॉर्वेचा हॅराल्ड हार्द्राडा! ज्याची सगळी मर्दुमकी जहाजांत, ज्याला मोठं आरमार असलेला राजाच तेवढा आवडतो. कुणी जालना रोडवर उभं राहून बंदर कुठं आहे म्हणून भांडावं, तसा तो बिचारा दर थोड्या वेळानं येऊन आपल्या सगळ्यांच्या आरमाराची टिंगल करतो आणि स्वतः काठाकाठानं गलबतं बांधत बसतो. दुसरा सुमेरचा गिल्गामेश. मैत्रीला इतका उतावीळ, की भेटताक्षणी शिष्टमंडळ पाठवलं की गळ्यात पडतो. सुरुवातीलाच मिळणारे त्याचे युद्धरथ खरं तर कुणाचंही कंबरडं मोडतील, पण ते मोडायचं मित्राचं नाही, हे तुला ठाऊक. तिसरी शकांची राणी तोमिरिस. ती मैत्री झाल्यावर पाठीत खुपसत नाही, म्हणून तू तिची मैत्री आधी घेतलीस आणि सीमेवर एक शिपाई ठेवला नाहीस. आणि चौथे गांधीजी, ज्यांना लढणारेच आवडत नाहीत.

(गांधीजींबद्दल तू दर वेळी जी माहिती देतोस, की १९९१ च्या पहिल्या खेळात आकड्याच्या गफलतीमुळं ते अणुबॉम्ब टाकायचे, ती दंतकथा आहे. खेळाचा कर्ता सिड मायर यानंच २०२० च्या आत्मचरित्रात ती खोडून काढली. पुढच्या भागांत मात्र गंमत म्हणून त्यांना अण्वस्त्रांची आवड मुद्दाम लावली गेली. तेव्हा ही कथा आता पुरे.)

म्हणजे एक चुकीच्या ठिकाणी आलेला, एक गळेपडू, एक शब्दाची पक्की आणि एक अहिंसक. विरोधी पक्ष असा स्वतः नेमायची सोय सत्ताधाऱ्यांना झाली, तर निवडणूक आयोगाला कुलूपच लावावं लागेल. यावर तुझा ठरलेला युक्तिवाद: "पण लेव्हल डेइटी होती ना!"

हो, होती. आठ पातळ्यांत चौथी 'प्रिन्स', जिथं कुणालाच सवलत नाही. तिथून वर चढावं तसं कॉम्प्युटरच्या हातात फक्त जादा खिरापत पडत जाते. सगळ्यात वरच्या डेइटीवर तू एक वसाहतवाला घेऊन निघतोस, कॉम्प्युटर तीन. उत्पादन आणि सोनं त्याला ऐंशी टक्के जास्त, लढाईत प्रत्येक तुकडीला चार गुण वर. पण डोकं? ते तेच, प्रिन्सवरचं. तटबंदीपुढं फौज आणून उभी करतो, बाण खात राहतो आणि निम्मी माणसं गमावून घरी जातो. डेइटी म्हणजे श्रीमंत झालेला बावळट. आधीच बावळट निवडायचा, मग त्याला श्रीमंत करायचा आणि त्याला हरवलं म्हणून पान खायचं, याला माझ्या आजीकडं एक शब्द होता, पण हे पत्र खुलं आहे.

तुला शत्रू म्हणजे काय हे कळू नये, याचं नवल तुझ्या पत्त्यामुळं जास्त वाटतं. खुलताबादच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटर गेलं की देवगिरी. १२९६ साली रामदेवराय यादवांपुढं शत्रू निवडायचा मेनू कुणी उघडला नव्हता. अलाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा प्रांतातून काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक येऊन ठेपला, तेव्हा मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर. त्यात अलाउद्दीननं आवई उठवली की दिल्लीचं मोठं सैन्य मागून येतंय. किल्ल्यात घाईनं चढवलेली पोती उघडली, तर धान्याच्या जागी मीठ निघालं, असं सांगतात. तुझ्या लॅपटॉपमधल्या राजाला अशी एक तरी थाप मारता येते का? तीन वसाहतवाले मिळतात त्याला, थाप मिळत नाही.

आणि ज्या गावात तू राहतोस ते १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं मलिक अंबरनं. मुघलांचा खजिना एका बाजूला, निजामशाहीची अर्धीमुर्धी फौज दुसऱ्या बाजूला. तरी १६२४ मध्ये भातवडीला तलावाचं पाणी छावणीवर सोडून त्यानं मुघल-आदिलशाही फौजांना चिखलात आणलं. अंबरला कुणी ऐंशी टक्के जादा सोनं दिलं नव्हतं! असा शत्रू समोर असता तर तू तिसऱ्या टर्नलाच लॅपटॉप मिटून "बॅटरी संपली" म्हणाला असतास. आणि खेळ कुठं थांबवावा हे कळत नसलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण लांब नाही. १६८२ मध्ये औरंगजेब दख्खनेत या शहरी येऊन पोचला. मराठ्यांबरोबर 'अजून एकच टर्न' करता करता १७०७ साल उजाडलं आणि मुक्काम कायमचा खुलताबादला पडला.

खेळात चांगले शत्रू नाहीत असं नाही, तू ते उघडून पाहत नाहीस. २०१८ मध्ये आलेला चंद्रगुप्त घे. ज्याची शहरं त्याच्या सीमेला लागून, तो त्याच्या डोळ्यांत खुपतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं मंडलच ते, शेजारी तो शत्रू. त्यानं राज्यविस्ताराचं युद्ध पुकारलं की पहिले दहा टर्न त्याची फौज अंगावर धावून येते, वेगानं आणि जोरानं. किंवा क्लिओपात्रा, जी तुझी फौज मोजते आणि कमी भरली तर तोंडावर सांगते. सीमा मोकळी ठेवून पाच आश्चर्यं बांधायची तुझी जी सवय आहे, तिला या दोघांच्या मध्ये एक जागा अगदी रिकामी आहे.

तर आम्ही तिघांनी एकमतानं ठरवलेलं कळवतो. येत्या शनिवारी लॅपटॉप दारातच ताब्यात घेतला जाईल. पातळी 'किंग', उगीच फुशारकीला वाव नको. कॉम्प्युटरचे दोन राजे चंद्रगुप्त आणि क्लिओपात्रा, बाकीचे रँडम, आणि पार्सल आधी खाऊन होईल. नळाला पाणी आलं तर मोटर लावायला तू जायचंस.

तू कुणाचं राज्य करायचं, तेही आम्ही ठरवलं आहे. हॅराल्ड. नकाशा पँजिया, तुझा आवडता. गलबतं बांध.

कळावे, लोभ आहेच, तो वाढण्यासारखं काही तू ठेवलेलं नाहीस.

तुझे जगभर हरलेले,
तिघे