इशारा कुणाच्या हिताचा?

प्रिंटरचे इशारे दोन जातींचे असतात. एक यंत्राची खरी अडचण सांगतो, दुसरा कंपनीचा गल्ला सांभाळतो. दोन्ही एकाच पिवळ्या त्रिकोणातून, एकाच दटावणीच्या सुरात येतात, आणि ही मला सरळ फसवणूक वाटते. मुलाचे हॉल तिकीट, सातबारा, आधारची प्रत असले काहीतरी तातडीने काढायचे असते, वेळ रात्रीची असते, झेरॉक्सचे दुकान बंद असते. अशा वेळी पडद्यावर जे उमटेल त्यावर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून तिथे खोटे बोलणे जास्त वाईट.

‘हे काडतूस अस्सल नाही’ हा इशारा घ्या. जगभर चिपचा तुटवडा होता तेव्हा, २०२२च्या जानेवारीत, जर्मनीत काय झाले? कॅननला टोनरच्या डब्यात चिप बसवता येईना. चिप नसल्यामुळे कंपनीचाच अस्सल डबा कंपनीच्याच ऑफिस प्रिंटरला परका वाटू लागला. मग कंपनीने स्वतःच ग्राहकांना कळवले की इशारा आला तर अमुक बटण दाबा आणि पुढे जा. टोनर किती उरला हे कदाचित नीट दिसणार नाही, पण छपाईचा दर्जा बिघडत नाही. ज्या इशाऱ्याने लोकांना वर्षानुवर्षे घाबरवले, तो अडचणीत आल्यावर कंपनीनेच ओलांडायला शिकवला. चिप कशासाठी होती, याचा याहून स्पष्ट जबाब कुठल्या कोर्टातही मिळाला नसता.

एचपीने २०१६मध्ये तर सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्या कंपन्यांची चालू काडतुसे एका सप्टेंबरात बंद पाडली. आदल्या दिवशी छापणारे यंत्र दुसऱ्या दिवशी नकार देऊ लागले. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२०मध्ये या कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला, कारण बाहेरच्या काडतुसांवरचे निर्बंध ग्राहकाला विकत घेताना नीट सांगितले नव्हते. दंड योग्यच होता. माझ्या पैशाने घेतलेल्या यंत्राने माझ्याशी बोलताना विक्रेत्याची वकिली करू नये, एवढी साधी ही मागणी आहे.

आणि ती नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. इशारा असावा तो असा, वापरणाऱ्याच्या उपयोगाचा. १९८०च्या सुमारास तिथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड मिळाला नाही, मागितला तर नकार मिळाला, आणि ती सोय परत करता आली नाही. स्टॉलमन यांनी पुढे १९८३मध्ये ‘ग्नू’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटर ते आवर्जून सांगतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी अडकलेला कागद आहे.

आता खऱ्या अडचणींकडे. त्या बहुतेक वेळा साध्या असतात आणि कुणालाही पैसे न देता सुटतात. छपाई रांगेत अडकली, ‘डिलीट’ करूनही फाइल जात नाही? विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या मार्गाने फोल्डर उघडा, त्यातल्या फाइली पुसा (फोल्डर नव्हे, फक्त आतल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. प्रिंटर समोर चालू आहे आणि संगणक ‘ऑफलाइन’ म्हणतो? पुष्कळदा राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडा, जमल्यास राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा. प्रिंटरचे नावच बदललेले दिसले, तरी संगणक बिघडला असे धरून चालू नका. २०२३च्या अखेरीस कितीतरी विंडोज संगणकांवर भलत्याच कंपन्यांच्या प्रिंटरांना ‘एचपी लेझरजेट’ असे नाव आपोआप पडले होते. ती चूक मायक्रोसॉफ्टने मान्य केली आणि दुरुस्तीचे साधनही दिले.

ड्रायव्हरचे मात्र गांभीर्य वेगळे. २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष याच स्पूलरमध्ये सापडला. त्यातून हल्लेखोराला संगणकाचे सर्वोच्च अधिकार मिळू शकत होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ सारख्या निवृत्त प्रणालीसाठीही तातडीचे अपडेट काढले. त्यानंतर ड्रायव्हर बसवताना विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागू लागले. तो इशारा खरा आहे, तो वाचा. अनोळखी साइटवरचा ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवणे म्हणजे दारात आलेल्या अनोळखी माणसाला घराची किल्ली देणे.

इथेच ठगांनी दुकान मांडले आहे. ‘प्रिंटर ऑफलाइन’ असे शोधले की मदतीचे नंबर समोर येतात. फोनवरचा माणूस दुरून संगणक चालवण्याचे अ‍ॅप बसवायला सांगतो, ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणा दाखवतो, व्हायरस घुसलाय म्हणतो आणि पैसे मागतो. त्या लाल खुणा धडधाकट संगणकातही असतात. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना हे एकदा बसवून सांगा. पैसे गेलेच तर त्यांना लाज वाटून गप्प बसू देऊ नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात.

एक बातमी चांगली आहे. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३मध्ये स्थापन केलेल्या ‘मोप्रिया’ या संघटनेचे प्रमाणपत्र असलेला प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो, कंपनीची सीडी किंवा भलेमोठे सॉफ्टवेअर लागत नाही. कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांचा पाठिंबा टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये जाहीर केले. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे. काडतुसांची दादागिरी मात्र यातून संपत नाही. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. बाहेरचे काडतूस नाकारणाऱ्या प्रिंटरच्या खोक्यावर तसे ठळक अक्षरांत छापणे कायद्याने बंधनकारक झालेच पाहिजे.

तोवर दुकानदाराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: बाहेरचे काडतूस चालते का, शाई संपल्यावर स्कॅनर चालतो का, आणि कंपनीचे अ‍ॅप किंवा खाते नसताना छपाई होते का. उत्तरे बिलावर लिहून घ्या. नंतर यंत्र वेगळे वागले, तर ते बिल हातात घेऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करा.