न उघडणाऱ्या दारास खुले पत्र

प्रति,
मा. बेडरूमचे दार,
मुक्काम चौकट, तिसरा मजला, कोथरूड, पुणे.

विषय : आपल्या तळातून अर्धा इंच कपात करण्याबाबत.

महोदय,

पत्र खुले आहे; आपण नाही. मंगळवारी आपण निम्मे उघडून जे अडलात ते अडलातच, आणि मी, सौ. आणि मातोश्री पोट आत ओढून, आडवे होऊन ये-जा करतो आहोत. मातोश्रींना ते सहज जमतं. माझी रात्रीची चौथी पोळी सौ.नं त्याच दिवशी बंद केली.

प्रकरण सुरू झालं न्यू जर्सीत. मेहुणीच्या घरी बेडरूमभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट. सौ. तिथे दीड महिना अनवाणी हिंडली आणि परत आल्यावर आपल्या घरची फरशी तिच्या टाचांना टोचू लागली. तिथे बाहेर बर्फ असतो. इथे खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी टीपॉयवर बोटानं नाव लिहिता येतं, हा मुद्दा मी मांडला. ‘तुमचं नेहमीचंच’ या सदरात तो जमा झाला.

दुकानदारानं आधी भदोहीचा हातानं विणलेला गालिचा उलटा करून दाखवला. गालिचा पाठीकडून पाहायचा, म्हणाला; चौरस इंचात गाठी किती, ते तिथे कळतं. मी मोजायला लागलो. मग त्यानं किंमत सांगितली आणि मी मोजायचा थांबलो. उरलं ते टफ्टेड. म्हणजे यंत्र सुयांनी कापडात धागे टोचतं आणि ते सुटू नयेत म्हणून पाठीला लॅटेक्स फासतात. गाठ एकही नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या डाल्टनकडे कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीनं असे टाके घातलेला पलंगपोस 1900 साली अडीच डॉलरला विकला. मग घरोघरी बायका ते करू लागल्या, पुढे यंत्रं आली आणि गावच कार्पेटचं झालं. तेव्हा आपली वाट अडवून बसलेली वस्तू म्हणजे मुळात बढती मिळालेला पलंगपोस आहे, एवढं लक्षात असू द्या.

मापं घेताना आपला अवमान झाला, हे मात्र मान्य. मी, सौ., दुकानातला पोरगा आणि त्याचं लेझरचं यंत्र, अशा चौघांनी लांबी मोजली. 14 फूट. रुंदी 11. रोलचा पन्हा चार मीटरचा, म्हणजे 13 फूट. मध्ये जोड नको तर वरचे दोन फूट कापायचे, आणि पैसे मात्र भरायचे. 28 चौरस फुटांचे! त्यावर आम्ही पाऊण तास हुज्जत घातली. ते भेंडोळं आता माळ्यावर आजीच्या निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीला टेकून उभं आहे. जाडी कुणीच विचारली नाही. कार्पेट 12 मिलिमीटर, त्याखालचा फोम 8. आपल्या पायाखाली मोकळी जागा 10. चौथीतलं गणित.

बसवणारे दोघं आले. आपल्याला बिजागऱ्यांतून सोडवून पॅसेजमध्ये उभं केलं, भिंतीच्या कडेनं खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या. त्यातला थोरला एक लोखंडी दाताळं कार्पेटवर रोवायचा आणि त्याच्या मागच्या गादीला गुडघ्यानं धडक द्यायचा. दर धडकेला कार्पेट नखभर पुढे सरकून खिळ्यांत अडकायचं. दोन तास तो असा कोपऱ्याकोपऱ्यात धडका देत होता. खालच्या काकांचा दोनदा इंटरकॉम आला. काम चोख, ताण असा की वळी म्हणून नाही. मग आपल्याला परत अडकवलं आणि ढकललं. आपण दोन हात आत आलात, कर्रर्र केलंत आणि थांबलात.

“हे सुताराचं काम,” तो म्हणाला, आणि चहा पिऊन आडवा होऊन बाहेर पडला.

मातोश्री इतका वेळ तटस्थ होत्या. एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडे शेणानं सारवायचे. दार लागायचं.”

सुतार रविवारी रंधा घेऊन येतो आहे. चूक आपली नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कार्पेटचे हप्ते चालू आहेत. आपले 2011 सालीच फिटले. कार्पेटला हात लावता येणार नाही. पावसाळ्यात त्याला कुबट वास सुटला आणि ते काढावं लागलं, तर आपला अर्धा इंच परत कसा आणायचा, असं मातोश्रींनी काल जेवताना विचारलं. सौ.नं आमटी वाढली.

सुताराचा फोन येऊन गेला. रंध्याचा भुसा नव्या कार्पेटवर सांडेल, खाली काहीतरी अंथरून ठेवा, म्हणाला. मी माळ्यावरून सतरंजी काढून ठेवली आहे.

आपला आज्ञाधारक,
(आडवा) घरमालक