सोळा टीबीची थाप

बनावट हार्ड डिस्क विकणाऱ्यास,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची आपली रीत आहे. तुमच्यासाठी ती मोडतो.

गेल्या दिवाळीत माझ्या ताईने तुमच्याकडून ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ मागवली. किंमत बाराशे रुपये. घरचा कॉम्प्युटर रखडत होता, म्हणून तिने अकरा वर्षांचे फोटो, व्हिडिओ आणि बाबांचे ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर उतरवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटणला आमच्या घरी काय घडले, ते बाबांनी त्यात सांगितले होते. सगळ्या फाइलींची नावे डिस्कवर दिसली, आणि ताईने कॉम्प्युटर फॉरमॅट केला. बाबा आता नाहीत. ती फाइल उघडत नाही.

मी तुमची डबी उघडली. आत ६४ जीबीचे एक मेमरी कार्ड, यूएसबीची इवलीशी पट्टी आणि हाताला वजन लागावे म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. तुमचे खरे कसब कंट्रोलरमध्ये आहे. पोटात ६४ जीबी असताना कॉम्प्युटरला १६ टीबी सांगायला तुम्ही त्याला शिकवले. खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो, नाहीतर कुठेच लिहिला जात नाही. नावांची यादी तेवढी शाबूत दिसते. पेढ्यांच्या खोक्यात माती भरणारा गिऱ्हाईक घरी पोचताच पकडला जातो. तुम्ही पकडले जाता ते फाइलची गरज पडेल त्या दिवशी, आणि तोवर वस्तू परत करायची मुदत केव्हाच संपलेली असते. या उशिरावरच तुमचा धंदा उभा आहे.

‘नावाजलेल्या कंपनीच्या डिस्कवरही आकडा कमीच दिसतो,’ असे उत्तर तुम्ही ताईला पाठवलेत. १ टीबीची अस्सल डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यात एक बाइटही चोरलेला नसतो. तुम्ही मोजायचे माप बदलले नाहीत, मालच बदललात.

आता वाचकांसाठी. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क २०२४ मध्ये कुठे ६ टीबीपर्यंत पोचली. एसएसडी तर तेवढ्याच क्षमतेच्या हार्ड डिस्कहून महाग असते. म्हणजे बाराशे रुपयांत १६ टीबी ही थापच आहे. घरच्या बॅकअपला एसएसडीचा वेग लागतोच असे नाही. कॉम्प्युटरमधल्या साठ्याच्या दुप्पट क्षमतेची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क पुरते. ती पक्की पावती आणि वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्या. घरी आणल्यावर, रिकामी असतानाच, ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ ही फुकट मिळणारी साधने चालवा. ती डिस्क काठोकाठ भरतात आणि लिहिलेले परत वाचून पाहतात. याला काही तास लागतात, मोठ्या डिस्कला दिवसही लागतो, तो द्या. आणि मूळ फाइली पुसू नका. मूळ पुसले की उरते ती एकुलती एक प्रत. तिला बॅकअप म्हणत नाहीत. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम घरालाही लागू आहे.

विक्रेत्या, ताईने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. तिथे भागले नाही तर आम्ही ग्राहक आयोगात जाऊ. बाराशे रुपयांसाठी नाही. तुमची पुढची डबी कुणाच्या घरी पोचू नये म्हणून.

वाचकहो, आज आपल्या बॅकअपमधली एक जुनी आणि एक अगदी अलीकडची फाइल उघडून पाहा. नुसते नाव वाचून थांबू नका.

— ताईचा धाकटा भाऊ