जिन्याखालची जागा

ज्यानं पहाटे पाचला बादली घेऊन नळावर नंबर लावलाय, त्याला वाडा कळत नाही, असं आमच्या सुनेचं ठाम मत आहे. ती आर्किटेक्ट आहे. मुलुंडला सातव्या मजल्यावर वाढली, त्यामुळे तिचा वाड्यांवर फार जीव. माझा जन्म सदाशिव पेठेतल्या वाड्यातला आणि लग्नापर्यंत मुक्कामही तिथलाच, त्यामुळे माझा फ्लॅटवर.

आपल्या लग्नानंतर महिन्याभरातच चिरंजीवांनी "बाबांना जुन्या पुण्याची खडान्‌खडा माहिती आहे" असं सांगून स्वतःची सुटका करून घेतली. तेव्हापासून रविवारी तो झोपतो आणि मी सुनेबरोबर पेठा हिंडतो.

हे काम जोखमीचं आहे. पुणेकर रस्त्यानं चालताना खाली खड्ड्याकडे बघतो, नाहीतर उलट्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरकडे. ही वर बघते. "बाबा, सज्ज्याखालचं केळफूल बघा!" म्हणत रस्त्याच्या मधोमध उभी राहते, आणि मागचा रिक्षावाला केळफूल सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतो. तुळशीबागेत आलेली बाई कानातली बघते, पोळपाट बघते, भाव ऐकून पुढं गेल्यासारखं करून परत येते. आमची सून रामाच्या देवळाचं शिखर बघते. नारो अप्पाजींनी सुरू केलेलं ते काम 1795 साली पुरं झालं, हे मला तिच्यामुळे कळलं. तोवर मी तुळशीबागेत फक्त पिशव्या धरायला जात असे. ती इतकी तन्मय होऊन वर बघते, की हळूहळू आजूबाजूचेही वर बघायला लागतात. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कोणी चढलंय का?"

शनिवारवाड्यात सगळे जण "काका, मला वाचवा" नेमकं कुठं ऐकू येतं ते विचारतात. ही जोत्यांवरून फिरते. 1732 साली वास्तुशांत झाली, खर्च 16,110 रुपये. (आमच्या सोसायटीच्या गच्चीची गळती काढायला एवढ्यात माणूस बघायलाही येत नाही.) 1828 च्या आगीत लाकडी मजले जळाले आणि आत राहिली ती मुख्यतः दगडी जोती. मी म्हटलं, "आता यात बघायचं काय?" तर म्हणाली, "प्लॅन तर सगळा शिल्लक आहे ना, बाबा!" माणूस गेला तरी त्याचा एक्स-रे छान आलाय म्हणून खूश होणाऱ्यांपैकी ही.

घरी येऊन ती सासूला चुन्याविषयी सांगते. चुना घाणीत कसा मळायचा, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर कसा घालायचा, भिंत कशी वर्षानुवर्षं घट्ट होत जायची. आमची ही शांतपणे ऐकून म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढं कुणी दिलं नव्हतं."

एकदा नारायण पेठेत एक शाबूत वाडा सापडला. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलो. चौक, तुळशीवृंदावन, ओसरीला सुरूचे खांब, वर महिरपी. सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तिनं पर्समधून टेप काढली आणि तिथंच घात झाला. पुण्यात जुन्या वाड्यात टेप घेऊन शिरणारा माणूस बिल्डरचा तरी असतो, नाहीतर कोर्टाचा. वरच्या मजल्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला, "कोण गं तू? कुणाकडून आलीस?"

"आजी, मी आर्किटेक्ट आहे. वाडा बघायला आलेय. काय सुंदर चौक आहे तुमचा!"

"ते असू दे. एफएसआय किती बसतो?"

तळमजल्यावरचे भाडेकरू तोवर बाहेर आले होते. वय सत्तरीपुढं, भाडं अठरा रुपये. 1947 चा भाडे कायदा झाला तेव्हा ते जन्मलेही नसावेत, पण तो कायदा त्यांना कलमांसकट पाठ होता. मालकीणबाईंचा आणि त्यांचा पंचवीस वर्षं दावा चालू आहे, हे त्यांनीच सांगितलं. मग मालकीणबाई म्हणाल्या, "गोखले, चहा टाकलाय, पोरीला घेऊन वर या." दावेदार आमच्या पुढं जिना चढले आणि पाचवी पायरी खचलीय म्हणून सुनेला हात दिला.

चहा घेता घेता सुनेनं समजावलं, की जाड भिंती दिवसाचं ऊन आत येऊ देत नाहीत आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते, म्हणून वैशाखातही माजघर गार असतं.

"गार असतं खरं," आजी म्हणाल्या. "त्याच चौकातून आषाढात पाऊस ओसरीवर येतो, त्याला काय करू?"

"आणि संडास त्या टोकाला आहे," गोखले म्हणाले. "रात्री छत्री घेऊन जावं लागतं. ताई, तुम्ही इथं राहायला या. मी मुलुंडला जातो."

सून कधी नव्हे ती गप्प बसली. जाताना आजींनी तिला भिंतीतलं बळद उघडून दाखवलं. मोजमापं घेऊ दिली, मात्र तिच्याकडून "मी कुठल्याही बिल्डरची नाही" असं लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून गोखल्यांनी सही केली.

तिचा उत्साह आता घरातही शिरलाय. आमच्या सोसायटीचा पंप सारखा बिघडतो. सभेत ही उठली आणि म्हणाली, की नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून माणूस चालत जाईल एवढ्या भुयारी नळातून पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. चेअरमन दोन मिनिटं विचारात पडले. मग म्हणाले, "तीन कोटेशनं मागवू."

पुढं जुन्या बाजारातून एका पाडलेल्या वाड्याचं दार आलं. सागवानी, वर पितळी फुल्या. त्याचं जेवणाचं टेबल झालं. फुल्यांमुळे एकही ताट सपाट बसत नाही आणि आमटी सतत माझ्याकडे येते. वर काच टाका म्हटलं, तर त्यानं पोत मरतो म्हणे. कडीही तशीच ठेवलीय. नातू भूक लागली की ती वाजवतो.

अलीकडे तिला माझा वाडा हवा झाला. तो केव्हाच पडला, तिथं आता चार मजल्यांवर क्लास चालतात. पण तिनं ग्राफ पेपर पुढं ठेवला, "आठवेल तेवढं काढा." मला वाटलं, दिंडी आणि चौक काढून सुटेन. काढायला बसलो तर रात्रीचे दोन वाजले. कुठल्या कोनाड्यात कुणाचा कंदील असे, वीज गेली की जिन्याची कुठली पायरी चुकवायची, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठचे नातेवाईक ओसरीवर कुठवर ओळीनं झोपले होते, सगळं कागदावर येत गेलं. आमची ही उठून बघून गेली आणि म्हणाली, "एवढं मन लावून कधी मला पत्र नाही लिहिलंत."

सुनेनं तो नकाशा आमच्या वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडांच्या ग्रुपवर टाकला. कोथरूड, सिंहगड रस्ता, ठाणे, न्यू जर्सी इथून दुरुस्त्या सुरू झाल्या. दोन दिवसांत सात नकाशे आले. प्रत्येकात नळ नकाशा काढणाऱ्याच्या दारासमोर होता आणि संडास दुसऱ्याच्या. ते एकवेळ चाललं असतं, पण जिन्याखालच्या जागेवरून जुंपली. आम्ही तिथं कोळसा ठेवत असू. आपट्यांच्या मते तिथं त्यांची सायकल असे, आणि न्यू जर्सीच्या मंगलताईंनी तिथं त्यांच्या आईचा पाटा होता हे शपथेवर सांगितलं. आपट्यांनी ग्रुप सोडला. त्यांना परत घेतलं. सून सगळे नकाशे एकावर एक ठेवून सत्य शोधत होती.

मग वाड्याच्या मालकांचा नातू ग्रुपवर आला. त्यानं सुनेचं मनापासून कौतुक केलं, आणि खाली लिहिलं, की आजोबांच्या वहीप्रमाणे जिन्याखालच्या जागेचं भाडं कुणीच कधी भरलेलं नाही.

दहा मिनिटांत आपटे, मंगलताई आणि मी, तिघांनीही लिहून टाकलं, की ती जागा आमच्याकडे कधीच नव्हती.